टॉवेल पाण्याबाहेर ठेवा: कोरियन स्नानगृहात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

कोरियातील सार्वजनिक स्नानगृहाचा सगळा शिष्टाचार एका वाक्यात सांगायचा झाला, तर तेथे आंघोळ करून मगच आंघोळीला उतरायचे असते. हौदातले पाणी सर्वांचे असते, म्हणून त्यात शिरणारे अंग आधीच स्वच्छ असले पाहिजे; कपडे, टॉवेल, मोकळे केस, साबणाचा फेस यांपैकी काहीही त्या पाण्यात जाता कामा नये. नवख्या माणसाला विचित्र वाटणारे जवळजवळ सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात, आणि ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवली तर भाषा येत नसली तरी फारसे अडत नाही.

सोलापुरातून कोरियाला जाणारे फार नसले, तरी टेरी टॉवेलच्या व्यवसायातले काही लोक यंत्रे पाहायला आणि धंद्याची बोलणी करायला जातात, आणि अलीकडे शिक्षणासाठी किंवा पुण्याजवळच्या कोरियन कंपन्यांच्या कामासाठी जाणारी मुलेमुलीही ओळखीत निघतात. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, आणि त्या निमित्ताने मी यजमानांबरोबर देगू या कापड उद्योगासाठी प्रसिद्ध असलेल्या शहरात दोनदा जाऊन आले. पहिल्या खेपेला स्नानगृहाच्या दारातून परत फिरले. दुसऱ्या खेपेला आत गेले आणि उरलेल्या मुक्कामात एक दिवसाआड जात राहिले. पुरुषांच्या बाजूची जी माहिती पुढे दिली आहे, ती अर्थातच यजमानांनी सांगितलेली आहे.

मोग्योकतांग आणि जिमजिलबांग

या दोन शब्दांतला फरक आधी समजून घ्यावा, कारण नेमका कोणता संकोच कोठे वाट्याला येणार हे त्यावर ठरते. मोग्योकतांग म्हणजे गल्लीतले साधे स्नानगृह. तेथे स्त्रिया आणि पुरुष यांचे विभाग पूर्णपणे वेगळे असतात, आत गरम-थंड पाण्याचे हौद, धुण्याच्या जागा आणि एखादी लहान वाफेची खोली असते, आणि आंघोळ आटोपली की लोक घरी जातात. जिमजिलबांगमध्ये असेच वेगवेगळे स्नानविभाग असतातच. शिवाय सर्वांसाठी एक मोठा सामाईक भाग असतो. त्या भागात तिथलाच टी-शर्ट आणि अर्धी चड्डी घालून स्त्री-पुरुष, मुले, म्हातारी माणसे सगळी एकत्र बसतात, गरम खोल्यांत घाम काढतात, जेवतात, दूरदर्शन पाहतात आणि रात्री तेथेच झोपतातही. म्हणजे विवस्त्र व्हायचे ते फक्त स्नानविभागात, आणि तेही आपल्याच बाजूच्या लोकांत. कुटुंबाने जायचे असेल तर जिमजिलबांग बरे, कारण आंघोळीनंतर सगळ्यांना पुन्हा एकत्र येता येते.

गल्लीतल्या स्नानगृहांचा इतिहास तसा फार जुना नाही. जपानी अंमलात १९२० च्या दशकात ती शहरांमध्ये सुरू झाली, आणि जिमजिलबांग तर १९९० च्या दशकात पसरली. घाम काढण्याची पद्धत मात्र पुरातन आहे. दगड-मातीच्या घुमटाकार भट्टीत लाकूड जाळून, निखारे काढून, मग त्या तापलेल्या घुमटात बसायचे, याला हानजुंगमाक म्हणतात, आणि पंधराव्या शतकातील राजा सेजोंगच्या काळातील दरबारी नोंदींत आजाऱ्यांसाठी चालवल्या जाणाऱ्या अशा घरांचा उल्लेख येतो. कोरियन लिपीचा जनक म्हणून ओळखला जाणारा हा राजा स्वतः डोळ्यांच्या विकारासाठी ओनयांगच्या गरम झऱ्यांवर जात असे.

दारापासून लॉकरपर्यंत

स्नानगृह ओळखण्याची खूण म्हणजे वाटीसारखा अर्धगोल आणि त्यातून वर जाणाऱ्या वाफेच्या तीन रेषा. हीच खूण जुन्या धाटणीच्या लॉजवरही असते, त्यामुळे केवळ तिच्यावर विसंबू नये. जुन्या मोग्योकतांगला बहुधा उंच धुराडे असते, तेही पाहावे. मोग्योकतांग भल्या पहाटे पाच-सहाला उघडते आणि संध्याकाळी लवकर बंद होते, शिवाय आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते. बरीच जिमजिलबांग चोवीस तास चालतात. शनिवार-रविवारची सकाळ आणि सणाचा आदला दिवस टाळावा. नववर्षाच्या सोल्लालच्या आणि शरदातील चुसोकच्या आधी सगळे घरदार अंग घासून घेण्यासाठी लोटते, जशी आपल्याकडे नरक चतुर्दशीला पहाटे उटणे लावण्याची घाई असते, फक्त येथे ती सगळी घाई एकाच छपराखाली चालते.

दारातच पादत्राणे काढून ती क्रमांकाच्या कप्प्यात ठेवायची आणि किल्ली घेऊन गल्ल्यावर जायचे. मोग्योकतांगचे शुल्क साधारण ८ ते १२ हजार वॉन असते, जिमजिलबांगचे १० ते २० हजार. हजार वॉन म्हणजे आपले साधारण ६० रुपये असा हिशेब मनाशी ठेवला की पुरतो. गल्ल्यावर कपड्यांच्या लॉकरची किल्ली मिळते. ती लवचीक पट्ट्याला लावलेली असते आणि मनगटात किंवा घोट्यात घालायची असते. जिमजिलबांगमध्ये आत जे काही खाल-प्याल ते याच क्रमांकावर मांडले जाते आणि निघताना एकदम द्यायचे असते, म्हणून आत पैसे बाळगावे लागत नाहीत. गल्लीतल्या स्नानगृहात मात्र थोडी रोकड जवळ असावी.

टॉवेलकडे माझे लक्ष जाणारच होते. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे, आणि आमच्याकडे अंग पुसायचा टॉवेल म्हटला की तो कमरेला गुंडाळून वर गाठ बसेल एवढा, म्हणजे साधारण ३० बाय ६० इंचांचा असायचा. तेथे हातात पडतो तो त्याच्या निम्म्याहूनही लहान, आपण हात पुसायला वापरतो त्या मापाचा. तो अंगाभोवती गुंडाळता येत नाही, आणि तो त्यासाठी नसतोच. स्त्रियांच्या बाजूला गल्ल्यावर मोजून दोन टॉवेल देतात, तर पुरुषांच्या बाजूला आत हवे तेवढे रचून ठेवलेले असतात. कारण विचारल्यावर उत्तर मिळते की बायका टॉवेल घरी नेतात. काही ठिकाणी तर त्यावर ‘चोरलेला टॉवेल’ असेच छापून ठेवलेले असते. धंद्यातली माणूस म्हणून या अन्यायावर मला काही बोलायचे होते, पण तेवढी कोरियन येत नव्हती. आणखी एक हवा असल्यास ‘सुगोन हाना दो जुसेयो’ म्हणावे; सुगोन म्हणजे टॉवेल.

सर्वांत महत्त्वाची पाटी पुढे येते. पुरुषांचा विभाग नामतांग आणि स्त्रियांचा योतांग, आणि सगळीकडे चित्र किंवा इंग्रजी अक्षर असेलच असे नाही. लिपी न येणाऱ्याने एवढेच पाहावे: पाटीवरील पहिल्या अक्षरात डावीकडे गोल वर्तुळ असेल तर ती बाजू स्त्रियांची, आणि अक्षराच्या खाली लहान चौकोन असेल तर ती पुरुषांची. पहिल्या खेपेला मी ज्या दारातून परत फिरले, त्याचे एक कारण हे होते की कोणते दार माझे ते मला ओळखता आले नव्हते. दुसरे कारण पुढे येते.

कपड्यांचा प्रश्न

लॉकरच्या खोलीतच सगळे कपडे उतरवायचे असतात, सगळे म्हणजे सगळे. आंघोळीचा पोशाख, चड्डी, गाऊन घालून आत जाणे स्वच्छतेच्या दृष्टीने चुकीचे समजतात आणि कोणीतरी नक्की हटकते. आपल्याकडे नदीवर किंवा तीर्थावर हजारो लोक एकत्र आंघोळ करतात, पण अंगावर लुगडे किंवा पंचा ठेवून. घरच्या न्हाणीघरातही पुष्कळ बायका परकर छातीवर बांधूनच न्हाणाऱ्या. म्हणून हा संकोच खोटा किंवा मागासलेला आहे असे मी म्हणणार नाही. तो असतोच. पण तो टिकतो साधारण दहा मिनिटे. कारण आत गेल्यावर दिसते ते असे की सत्तरीच्या आजी पाय पसरून टाचा घासत आहेत, एक आई मुलीच्या केसांतला गुंता सोडवते आहे, दोघी मैत्रिणी गळाभर पाण्यात बसून बोलत आहेत, आणि आपल्याकडे पाहायला कोणाला सवड नाही. आपला वर्ण किंवा चेहरा निराळा म्हणून एखादे पोर टक लावून पाहील, एखादी आजी कोणत्या देशाची म्हणून विचारील. ‘इंदो’ म्हटले की मान हलवून पुन्हा घासायला लागेल. लहानसा टॉवेल पुढे धरून चालण्याला कोणाची हरकत नसते, आणि पहिल्या दिवशी मी तेच केले.

परदेशी माणसाला दारातूनच परत पाठवल्याच्या घटना मात्र घडलेल्या आहेत. २०११ साली बुसान शहरात मूळच्या उझबेकिस्तानच्या पण कोरियन नागरिकत्व घेतलेल्या एका महिलेला असा नकार मिळाला आणि त्यावर देशभर चर्चा झाली. माझ्या वाट्याला तसे आले नाही, तरी पहिल्यांदा जाताना पर्यटकांची सवय असलेले मोठे ठिकाण निवडणे शहाणपणाचे. गोंदवलेल्या अंगाबद्दल जपानइतका कडकपणा येथे नसतो. काही ठिकाणी मोठ्या गोंदणाला मनाईची पाटी असते, पण आपल्या आजीच्या कपाळावरच्या गोंदणाला कोणी काही म्हणणार नाही.

दागिन्यांचे आधीच ठरवून जावे. गरम खोलीत धातू इतका तापतो की चटका बसतो, त्यामुळे मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, पैंजण, पुरुषांच्या कमरेचा चांदीचा करदोडा आणि गळ्यातला ताईत हे सगळे काढून ठेवावे लागते, आणि ज्यांना मंगळसूत्र उतरवणे मनाला पटत नाही त्यांनी गरम खोल्या सोडून केवळ हौदांपुरते जावे. सोन्याचे दागिने मुळात हॉटेलातच ठेवणे बरे. बोटातून न निघणारी अंगठी असेल तर ओल्या टॉवेलाचा पदर तिच्यावर धरावा.

फोन लॉकरमध्येच राहू द्यावा. स्नानविभागात किंवा कपडे बदलण्याच्या जागी तो नुसता हातात दिसला तरी लोक अस्वस्थ होतात, आणि तसे होणे रास्तच आहे. लहान मुलांच्या बाबतीतही नियम आहे: चार वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला आईबरोबर स्त्रियांच्या बाजूला किंवा मुलीला वडिलांबरोबर पुरुषांच्या बाजूला नेता येत नाही.

आधी धुणे, मग बुडणे

आत शिरल्यावर पावले आपोआप हौदाकडे वळतात, पण तिकडे जाऊ नये. भिंतीलगत उभ्याने न्हाण्याचे शॉवर असतात आणि ओळीने मांडलेली प्लास्टिकची ठेंगणी बैठकही असते, जिच्यापुढे आरसा, नळ, हातात धरायचा शॉवर आणि टमरेल असते. पाटावर बसून तांब्याने न्हालेल्या माणसाला येथे काहीही शिकवावे लागत नाही, आणि याबाबतीत आपण युरोपातून आलेल्या पाहुण्यांच्या बरेच पुढे असतो. बैठकीवर बसण्यापूर्वी आणि उठल्यावर तिच्यावर पाणी ओतावे, शेजाऱ्यावर शिंतोडे उडणार नाहीत असे बसून न्हावे, आणि जेथे कोणाची टोपली किंवा टॉवेल ठेवलेला दिसेल ती जागा घेऊ नये. साबण आणि शाम्पू काही ठिकाणी असतात, काही ठिकाणी नसतात. गल्ल्यावर एका वेळेच्या पुड्या विकत मिळतात. बरोबर न्यायचा असेल तर जाळीची टोपली किंवा प्लास्टिकची पिशवी न्यावी.

आपल्या लोकांसाठी दोन सूचना वेगळ्या द्याव्या लागतील. केसांना खोबरेल लावले असेल तर ते दोनदा शाम्पू लावून पूर्ण काढावे, कारण तेलाचा तवंग हौदावर लगेच दिसतो. कपाळाचे कुंकू आणि डोळ्यांतले काजळही पुसून घ्यावे. दात घासायला हरकत नाही, तेथेच बसून पुष्कळजण घासतात, पण सकाळी जिभली ओढताना आपल्याकडे घराघरांतून जो आवाज निघतो तो तेवढा तेथे करू नये.

अंग स्वच्छ झाले, फेस धुतला गेला, केस वर बांधले, की मग हौद. ओनतांग म्हणजे कोमट-गरम, साधारण ३८ ते ४० अंशांचा. योलतांग म्हणजे कढत, ४२ अंशांच्या आसपासचा किंवा त्याहून वरचा. आणि नेंगतांग म्हणजे थंड, २० अंशांच्या आसपासचा. हौदाच्या डोक्यावर तापमानाचा आकडा लावलेला असतो. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ अंशांवर जातो, तेव्हा ४२ अंशांच्या पाण्याचे आपल्याला काय, असे मलाही वाटले होते, आणि मी थेट कढत हौदात पाय घातला. तो तसाच बाहेर काढावा लागला. कोरड्या हवेत घाम वाळतो आणि अंग थंड राखतो. गळ्यापर्यंत पाण्यात बसल्यावर घाम वाळायला वावच राहत नाही, आणि पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगाने उष्णता अंगात उतरवते. म्हणून कोमट हौदापासून सुरुवात करावी, पाय, गुडघे, कंबर अशा क्रमाने उतरावे, आणि कढत पाण्यात पहिल्या दिवशी तीन-चार मिनिटांहून अधिक बसू नये. मग थंड हौद, मग पुन्हा कोमट. उठताना हळू उठावे, कारण घेरी येते.

टॉवेल पाण्यात न्यायचा नाही, हे शीर्षकात लिहिले आहे ते उगाच नाही. पहिल्या दिवशी अंगापुढे धरलेला टॉवेल घेऊनच मी हौदात उतरू लागले, तेव्हा काठावरच्या आजींनी काही न बोलता तो माझ्या हातातून घेतला, पिळून, घडी घालून माझ्या डोक्यावर ठेवला आणि हसल्या. तेथे सगळ्यांच्याच डोक्यावर घड्या होत्या. टॉवेलची जागा डोक्यावर किंवा काठावर.

पाळीच्या दिवसांत हौदात उतरू नये. अंगावर उघडी जखम असेल किंवा त्वचेचा संसर्ग असेल तरीही नाही. पोहणे, पाणी उडवणे, डोके बुडवणे हे लहान मुले करतात आणि ओरडा खातात.

त्ते काढणे

कोरियन लोकांच्या लेखी नुसते बुडून बाहेर येणे म्हणजे अर्धी आंघोळ. त्ते म्हणजे अंगावरचा मळ, मेलेली कातडी. ती घासून काढल्याशिवाय स्नान पुरे होत नाही. त्यासाठी वापरतात तो हातमोज्यासारखा खरखरीत तुकडा ‘इथेरी टॉवेल’, म्हणजे इटालियन टॉवेल, या नावाने ओळखला जातो आणि बहुधा हिरव्या रंगाचा असतो. तो १९६० च्या दशकात बुसानमध्ये प्रथम तयार झाला. कापड इटलीहून आणलेल्या व्हिस्कोसचे, म्हणून हे नाव, बाकी इटलीचा त्याच्याशी संबंध नाही. मी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. आमच्या टेरीला असतात तसे लूप त्याला नाहीत; भरपूर पीळ दिलेल्या धाग्याचे ते आवळून विणलेले कापड आहे. आम्ही आयुष्यभर टॉवेल मऊ कसा होईल या विवंचनेत असतो, आणि येथे तो खरखरीत होण्यासाठी एवढी अक्कल खर्च झालेली पाहून गंमत वाटली. कोणत्याही दुकानात तो हजार-दोन हजार वॉनमध्ये मिळतो, आणि सोलापूरला परतताना वाटायला यासारखी हलकी भेट नाही.

स्वतः घासायचे असेल तर कृती अशी. कोमट हौदात १५ ते २० मिनिटे बसून कातडी मऊ होऊ द्यावी, बोटांची टोके सुरकुतली की झाले समजावे. बाहेर येऊन बसावे, तुकडा ओला करून हातात घालावा, आणि साबण न लावता, लांब आणि सरळ हात फिरवत घासावे. साबण लावला की हात घसरतो आणि काही निघत नाही. पाठीसाठी पूर्वी शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला विचारायची आणि मग तिची पाठ आपण घासून द्यायची अशी रीत होती; ती आता कमी झाली असली तरी म्हाताऱ्या बायका अजून विचारतात. देगू-बुसानकडच्या भागात तर पाठ घासायचे यंत्रच भिंतीला लावलेले असते, गोल फिरणारी चकती आणि तिच्यावर तेच हिरवे कापड, आपण फक्त पाठ टेकवून वरखाली व्हायचे.

एकदा तरी मात्र हे काम सेशिनसाकडून करून घ्यावे. सेशिनसा म्हणजे घासून देणारी व्यक्ती, स्त्रियांच्या बाजूला स्त्री आणि पुरुषांच्या बाजूला पुरुष. स्नानविभागाच्या कोपऱ्यात रेक्झिनने मढवलेली टेबले असतात आणि भिंतीवर दरपत्रक. नुसते घासण्याचे २० ते ३० हजार वॉन, मालिश जोडली की जास्त. आपल्या लॉकरचा क्रमांक दाखवून नाव लावायचे आणि हाक येईपर्यंत हौदात मुरत बसायचे. माझ्या सेशिनसा बाई काळ्या अंतर्वस्त्रांत होत्या आणि मनगटे एखाद्या पैलवानासारखी. त्यांनी टेबलावर बादलीभर गरम पाणी ओतले, मला उताणे झोपवले, आणि गळ्यापासून घोट्यापर्यंत एका लयीत हात चालवायला सुरुवात केली. मांडीवर दोन चापट्या म्हणजे कुशीवर वळा, पुन्हा दोन म्हणजे पालथे व्हा. एक शब्द न बोलता सगळे चालले होते. मधेच मान वळवून पाहिले तर दंडावर खोडरबराचा चुरा पडावा तशा करड्या सुरनळ्या जमल्या होत्या. रोज आंघोळ करणारी, दिवाळीत घरचे उटणे लावणारी मी, हे सगळे माझ्याच अंगावरून निघाले यावर माझा विश्वास बसेना. बाईंनी मात्र त्या सुरनळ्या मला समाधानाने दाखवल्या आणि पाणी ओतून वाहवून टाकल्या.

फार जोर वाटला तर ‘साल्साल हे जुसेयो’, म्हणजे हळू करा, असे म्हणावे. ‘आपायो’ म्हणजे दुखते. नुकतेच वॅक्सिंग किंवा दाढी केलेली असेल, उन्हाने कातडी भाजलेली असेल किंवा इसब असेल तर हा प्रकार करू नये. महिन्यातून एकदा पुरे होतो. नंतर अंगाला काहीतरी स्निग्ध लावावे लागते, आणि या कामाला मी नेलेले खोबरेल अखेर उपयोगी आले. बक्षिसी द्यायची पद्धत नाही. पैसे बहुधा त्या व्यक्तीलाच थेट द्यायचे असतात.

गरम खोल्या, जेवण आणि झोप

जिमजिलबांगमध्ये अंग पुसून, दिलेला टी-शर्ट-चड्डी घालून सामाईक भागात यावे. आतून अंतर्वस्त्रे घालावीत की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे; मी घातली. तेथे मिठाचे खडे पसरलेली खोली, तांबड्या-पिवळ्या मातीने लिंपलेली खोली, बर्फाच्या भिंतींची खोली असे प्रकार असतात, आणि प्रत्येकीच्या दारावर तापमान असते. पन्नास अंशांच्या खोलीत माणूस आरामात पडून राहतो. पुलगामा नावाची भट्टीसारखी खोली याहून फार तापलेली असते. आत गोणपाट अंथरलेले असते, काही ठिकाणी अंगावर घ्यायलाही देतात, आणि हवा कोरडी असल्यामुळेच ती काही मिनिटे सोसते. पाच मिनिटे झाली की बाहेर यावे, पाणी प्यावे, बर्फाच्या खोलीत जाऊन यावे. पाणी प्यायला कागदाच्या चपट्या पाकिटासारखे पेले असतात, ते बोटांनी उघडून धरायचे. पहिल्यांदा मी ते कशाचे तरी पाकीट समजून बाजूला ठेवले होते. रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या खोल्यांत आणि कढत हौदात जाऊ नये, आणि मद्य पिऊन तर कोणीच जाऊ नये.

डोक्याला टॉवेलाची दोन शिंगांसारखी वळी करून बांधलेली माणसे दिसतील. याला मेंढीचे डोके म्हणतात, आणि २००५ साली गाजलेल्या एका दूरचित्रवाणी मालिकेपासून ही पद्धत फोफावली. टॉवेल लांबीत तीन पदरी दुमडायचा, दोन्ही टोके बाहेरच्या बाजूने गुंडाळत आणायची आणि मधला भाग उघडून डोक्यावर बसवायचा.

खाण्यात भट्टीवर भाजलेली तपकिरी अंडी आणि शिखे नावाचे, तांदूळ आणि मोडाच्या सातूचे गोड गार पेय ही जोडी ठरलेली. अंडे डोक्यावर आपटून फोडायची चाल आहे; शेजारच्याच्या डोक्यावर फोडण्याआधी ओळख असावी. शाकाहारी माणसाने समुद्री शेवाळाच्या सूपला फसू नये, दिसायला पालेभाजीसारखे असले तरी त्यात बहुधा गोमांस किंवा शिंपले असतात. शिखे, भाजलेली रताळी, फळे यांवर वेळ भागते. बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत, तेव्हा कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पिशवी लॉकरमध्येच राहू द्यावी.

रात्री राहायचे असेल तर हॉटेलच्या मानाने फार स्वस्त पडते. जमिनीखालून ऊब देण्याच्या कोरियन पद्धतीमुळे लाद्या उबदार असतात, त्यावर पातळ गादी आणि ठोकळ्यासारखी उशी मिळते. उन्हाळ्यात सोलापूरकर गच्चीवर ओळीने पथाऱ्या टाकतात, अगदी तसेच दृश्य, फक्त वर चांदण्यांऐवजी ट्यूबलाइट आणि चारी बाजूंनी घोरणे. पांघरूण काही ठिकाणी भाड्याने मिळते. मी चादर घेऊन गेले होते, आणि शेजारच्या बाईंनी झोपण्यापूर्वी तिची वीण बोटांनी चाचपून पाहिली. रात्री १० ते पहाटे ५ या वेळेत १९ वर्षांखालील मुलांना पालकांशिवाय राहू देत नाहीत. फोन उशाशी न ठेवता लॉकरमध्ये ठेवावा, कारण चोऱ्या होतात.

पहिल्या अनुभवासाठी ठिकाण कोणते, असे विचाराल तर बुसानमधील शिनसेगे सेंटम सिटी या प्रचंड मोठ्या दुकानसंकुलातले ‘स्पा लँड’ सोपे पडते; तेथे परदेशी माणसांची ये-जा असते आणि प्रवेश चार तासांपुरता असतो. त्याच शहरात दोंगने हा गरम झऱ्यांचा जुना भाग आहे आणि तेथील हॉशिमचंग हे विशाल स्नानगृह प्रसिद्ध आहे. एवढे सगळे वाचूनही कपड्यांचा प्रश्न सुटत नसेल, तर दोंगनेमध्येच उघड्यावर पाय बुडवून बसायची फुकट जागा आहे, आणि तशीच देजॉन शहरातील युसंग येथेही आहे. आधी नळाखाली पाय धुवायचे, मग बांधीव पाटात गुडघ्यापर्यंत सोडून काठावर बसायचे. तेथे टॉवेल देत नाहीत. आपला न्यावा, आणि तोही पाण्याबाहेर ठेवावा.